तीन वाट्यांचा कलप

गणपत मुकादम एका डोक्याला तीन प्रकारचा कलप लावत. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता ते आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर तीन वाट्या मांडत. पहिल्या वाटीत कलप दाट, दुसरीत बेताचा, तिसरीत इतका पातळ की वाटीचा तळ दिसायचा. शेजारी तीन जुने टूथब्रश, दोन आरसे आणि गजराचं घड्याळ. टाळूवर पहिली वाटी, ती अर्धा तास. त्याखाली कानाच्या वरपर्यंत दुसरी, ती बारा मिनिटं. कानशिलांवर तिसरी, ती तीन मिनिटं. प्रत्येक थराची वेळ वेगळी, पण धुणं एकदम. त्यामुळे घड्याळ लावून मागून पुढे हिशेब करावा लागे आणि तो मुकादम कधी चुकले नाहीत. गजर झाला की चाळीतल्या बायका नळाखालच्या बादल्या बाजूला घेत. काळं पाणी मोरीतून वाहून जाई. मुकादम पंच्याने डोकं टिपत उभे राहत. टाळूवर काळंभोर, मग करडं, मग कानांजवळ चांदीसारखं. कुठे रेघ म्हणून दिसत नसे.

नाव बदललेलं आहे. याआधीही मी एकदा त्यांचं नाव बदलून लिहिलं होतं. त्याचा उपयोग झाला नव्हता. त्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाचा महाडचा वार्ताहर होतो. चाळीत माझी खोली चौथी, त्यांची पाचवी. ते रस्ते बांधणाऱ्या खात्यात मुकादम होते. वय चोपन्न. पोलादपूरच्या पुढे कशेडीच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी होती. लग्न केलेलं नव्हतं. आठवडाभर महाडात राहत आणि रविवारी पहाटेच्या एसटीने वाडीवर जात. तिथे आई आणि धाकट्या भावाची विधवा बायको होती. मला एवढीच माहिती होती, आणि ती पुरेशी आहे असं मी धरून चाललो होतो.

घाटातला रस्ता पावसाळ्यात उखडतो. तो उखडलेला तुकडा पुन्हा भरायचा, हे मुकादमांचं तीस वर्षांचं काम. नवं डांबर जुन्या डांबराला असं मिळवायचं की गाडीच्या चाकाला कळू नये. या कामातला त्यांचा एक शब्द होता, सांधा. तो ते सगळीकडे वापरत.

"पत्रकार, रस्ता असो नायतर डोकं असो, सांधा दिसता कामा नये," ते म्हणत. "सांधा दिसला की काम वाया. मग तुमी कितीबी डांबर वता."

महाडच्या बाजारपेठेतून त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे रस्त्यांची पाहणी होती. फक्त रस्ते माणसांच्या डोक्यावर होते. समोरून कुणी सगळे केस कुळकुळीत काळे करून आला की मुकादम न थांबता, ओठ न हलवता म्हणत, "वतलं डांबर." मेंदी लावलेला आला की, "मुरूम टाकलाय. खडी कुटं हाय?" कलप लावायचं सोडून दिलेला, मुळाशी पांढरी पट्टी आलेला आला की त्यांना वाईट वाटे. "पावसाळा लागला बिचाऱ्याला." टक्कल पडलेल्या माणसाला मात्र ते मान देत. "उघडा खडक. त्याला कुनाचा बाप काय करनार नाय."

बिरवाडीत एका लग्नाला आम्ही गेलो होतो. वराचे वडील काळेभोर केस करून मांडवात फिरत होते. मुकादमांनी जेवण होईपर्यंत दम धरला. विडा तोंडात टाकताना त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "काका, कानापाशी जरा उघडं ठेवायचं होतं. आता कोन नवरा, कोन बाप, लोकांनी काय समजायचं?" काकांना राग आला. पण पुढच्या महिन्यात ते महाडला येऊन मुकादमांचा पत्ता विचारत होते. मुकादमांनी त्यांना परत पाठवलं. "दुसऱ्याच्या डोक्याचं आपल्याला जमत नाय. आपलं आपल्याला म्हाईत हाय, कुटपर्यंत काळं न्हेयाचं ते."

एकदा महाडजवळच्या सव गावी, गरम पाण्याच्या कुंडावर गेलो. मुकादमांना गुडघेदुखी होती आणि त्या पाण्याने बरं वाटतं असं सगळेच म्हणतात. ते गळ्यापर्यंत पाण्यात बसले. डोक्यावर साखरेची प्लास्टिकची पिशवी, तिला कपाळावरून सुतळी. शेजारी पनवेलहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातल्या आजींनी विचारलं, "डोक्याला काय लागलंय का हो?"

"नाय हो," मुकादम म्हणाले. "गंधकाचं पानी हाय. थर सुटतो."

आजींना वाटलं त्वचेचा रोग असावा. ते कुटुंब दुसऱ्या कुंडाकडे गेलं. मुकादम समाधानाने डोळे मिटून बसले. परतीच्या वाटेवर पिशवी झटकून त्यांनी खिशात घातली. पावसाळ्यात ती टोपीच्या आत असे आणि टोपीवर छत्री.

मला हे सगळं लिहून ठेवायची सवय होती. लोकांच्या बोलण्यातली वाक्यं मी जशीच्या तशी वहीत उतरवत असे. त्यात वाईट हेतू नव्हता. चांगलाही नव्हता.

एका शनिवारी आमच्या रविवारच्या पुरवणीत पाचशे शब्दांची जागा रिकामी राहिली. मृगाचा पाऊस लांबला होता आणि बातमी काहीच नव्हती. संपादकांनी फोनवर सांगितलं, काहीतरी हलकंफुलकं पाठव. मी दीड तासात मजकूर लिहिला. गणपतचं मी बाबूराव केलं आणि वाडीचं नाव गाळलं. मुकादम हा हुद्दा ठेवला, कारण त्याशिवाय सांध्याचा विनोद उभा राहत नव्हता. तीन वाट्या, गजर, डांबर, सवची पिशवी, सगळं घातलं. आणि शेवटी एक गोष्ट घातली, जी मी त्यांच्या खोलीच्या दारातून पाहिली होती.

त्यांच्या मोठ्या आरशाच्या कोपऱ्यात एक फोटो खोचलेला असे. घाटातल्या एका संरक्षक भिंतीचं काम पुरं झालं तेव्हाचा. त्यात मुकादम बारा वर्षांनी तरुण होते. काळे केस आणि कानांजवळ नुकतीच सुरू झालेली सफेदी. कलप लावताना ते एकदा आरशात बघत, एकदा त्या फोटोत. मी लिहिलं, "आरशात लोक देवाचा फोटो लावतात. बाबूरावांनी स्वतःचा लावला आहे. गेलेल्या तारुण्याची इतकी नेमाने पूजा करणारा भक्त आमच्या पाहण्यात दुसरा नाही."

संपादकांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते चौकटीत टाकलं.

रविवारी मुकादम वाडीवर होते. सोमवारी सकाळी ते एसटी स्टँडवर उतरले तेव्हा पेपरच्या स्टॉलवाल्यानेच आवाज दिला, "काय बाबूराव, तिसरी वाटी राहिली की!" चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, आज कितवा थर. कचेरीत त्यांचे साहेब, वयाने त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "मुकादम, या वळणावर दुसरी वाटी लावून घ्या." सगळे हसले. हे मला त्याच दिवशी तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं. सांगताना ते माझं कौतुक करत होते. मी ते घेतलं.

संध्याकाळी मुकादम चाळीत आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस नव्हते. बाजारातल्या न्हाव्याकडून त्यांनी मशीन फिरवून घेतलं होतं. उरले होते ते खुंट, पांढरे स्वच्छ. मी दारातच उभा होतो. आत जाता आलं असतं, पण गेलो नाही.

"वाचलं, पत्रकार," ते म्हणाले. "चांगलं लिवलंत. खोटं काय नाय त्यात."

ते आपल्या खोलीत गेले. पुढचा शनिवार आला, त्याच्या पुढचाही. धुण्याच्या दगडावर वाट्या आल्या नाहीत. चाळीतल्या बायकांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. एकमेकींशी बोलत असल्या की मी आल्यावर थांबत.

मी मनाशी एक युक्तिवाद तयार ठेवला होता. छापलेलं एकही विधान चुकीचं नव्हतं. नाव बदललेलं होतं. थट्टा सौम्य होती. माणसाने चोपन्नाव्या वर्षी दिसण्याचा एवढा सोस धरला तर थोडं हसू होणारच. हा युक्तिवाद मी जवळजवळ दीड महिना वापरला. कोणी मागितला नव्हता.

श्रावणाच्या तोंडावर त्यांच्या वाडीच्या वाटेवर दरड आली. माणूस कोणी दगावलं नाही, पण पायवाट बंद झाली होती. बातमी होती, म्हणून गेलो. वाडी मुकादमांची आहे हे मला माहीत होतं. तो रविवार आहे हेही माहीत होतं. पोलादपूरहून ट्रकने घाटाच्या पायथ्याशी उतरलो आणि दरडीच्या बाजूने, चिखलातून तासभर चढलो. वाडीत आठ-दहा घरं, प्रत्येक घराला गोठा. पहिल्याच घराच्या पडवीत मुकादम बसलेले दिसले. पाहुणा बसतो तसे, घोंगडीच्या कडेला, पाय जवळ घेऊन.

मला बघून ते दचकले. काही बोलणार तेवढ्यात आतून एक म्हातारी आली. अंगाने वाळलेली, पण चालणं ताठ. पडवीतल्या माणसावर नजर जाताच तिने पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि भिंतीच्या कडेने अंग चोरून उभी राहिली. सासरकडच्या वडीलधाऱ्यासमोर या भागातल्या बायका उभ्या राहतात तशी.

"बसा," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "च्या ठेवलाय. गनपा घरात नाय. रस्त्यावर हाय कामाला. आईतवारी येल."

"बरं," मुकादम म्हणाले.

"तुमी बी रस्त्यावरचं ना? भेटला तर सांगा त्याला. म्हनावं, आये रागावली नाय. इतकंच सांगा."

"सांगतो."

ती आत गेली. मुकादम माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या गोठ्यात एक रेडकू दाव्याला हिसके देत होतं, ते तिकडे बघत होते. मी उठून घराच्या मागे गेलो. तिथे त्यांची भावजय शेवंता भांडी घासत होती. तिला मी कोण हे माहीत नव्हतं. मी त्यांच्या चाळीतला आहे एवढं सांगितलं.

"मंग तुमीच सांगा भावोजींना," ती म्हणाली. "डोकं कशापायी बोडलं? चांगलं चाललं व्हतं. आता वळखीत नाय ती त्यास्नी. दर आईतवारी येत्यात, हितं बसत्यात, च्या पित्यात नि जात्यात."

पुढचं तिने भांडं घासताघासताच सांगितलं. सासूला आठवण राहत नाही. तिच्या लेखी बारा वर्षांपूर्वीचं साल चालू आहे. तीन वर्षांमागे मुकादमांचं डोकं पांढरं झालं आणि एका रविवारी तिने त्यांच्यासमोर पहिल्यांदा पदर ओढला. मुकादम महाडला गेले आणि पुढच्या खेपेला सगळे केस काळे करून आले. तर तिने त्यांना गजा समजून मिठी मारली. गजा म्हणजे शेवंताचा नवरा, मुकादमांचा धाकटा भाऊ, ऐन तिशीत वारलेला. दिवसभर ती त्यांना गजा म्हणत होती. शेवंता दिवसभर चुलीपाशी बसून राहिली.

"मंग त्येनी तो फोटू शोदून काडला," ती म्हणाली. "त्या सालचा. वर काळं, कानापाशी पांडरं. थोडं कमी झालं तर गजा, थोडं जास्त झालं तर परका. बराबर तितकंच पायजे. बराबर झालं की मंग, 'गनपा, आलास का रे' म्हनायची."

माझ्या वहीत त्या दिवशी दरडीची लांबी आणि बंद झालेल्या वाटेचं वर्णन आहे. त्याखाली काही नाही.

परतताना मुकादम बरोबर होते. उतार निसरडा होता. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी मी खुलासा छापतो. माफी मागतो, तीही छापतो."

"काय छापाल?"

मी विचार करून ठेवलेलं वाक्य सांगितलं. ते थांबले. "म्हंजे आयेला पोरगा वळखू येत नाय, हे गावभर. आज मला बाबूराव म्हनतात. उद्या तिला येडी म्हनतील." मग पुन्हा चालू लागले. "मला हसले तर हसले, पत्रकार. मी मुकादम हाय, ऐकायची सवय हाय."

"मग आधी सांगायचं होतंत मला."

"तुमी कुटं विचारलंत?"

तो मजकूर लिहिला त्या दीड तासात मी विचारलं नव्हतं. चाळीत शेजारी राहून दोन वर्षं विचारलं नव्हतं. कलप कसा लावता, किती वेळ ठेवता, कोणता ब्रश, हे सगळं विचारलं होतं.

केस वाढायला चार महिने लागले. तोवर प्रत्येक रविवारी ते वाडीवर गेले आणि पाहुण्यासारखे बसले. आईने गनपासाठी दिलेले निरोप स्वतःच ऐकून आले. कधीकधी सोमवारी मला सांगत. "काल तिनं भाकर दिली. म्हनाली, बाबा, तुमच्या घरी कोन हाय का नाय?" त्यावर ते काय म्हणाले, हे मी विचारलं. ते म्हणाले, "हाय म्हनालो."

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी दुपारी दगडावर पुन्हा तीन वाट्या आल्या. मी फोटो धरायला बसलो. त्यांनी आधी नको म्हटलं, मग म्हणाले, "धरा. आता हात हलतो माजा. मागचं तुमीच बगा." मागची दुसरी वाटी मी लावली. बारा मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो. चाळीतली एक बाई बादली बाजूला घेताना म्हणाली, "पुसा नीट हो, भाऊ. मानेवर ओघळ आलाय." त्या दिवसापासून त्या बायका माझ्याशी पुन्हा बोलू लागल्या. मला ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वाडीवर गेलो. त्यांनी बोलावलं नव्हतं, नाहीही म्हटलं नाही. पडवीशी पोचल्यावर ते आत गेले नाहीत. अंगणात उन्हात उभे राहिले, टोपी काढून, डोकं नीट दिसेल असे. तपासणीला साहेब आल्यावर रस्त्याच्या कडेला उभे राहत तसे.

म्हातारी सूप घेऊन बाहेर आली. तिने पाहिलं. सूप खाली ठेवलं. पदर खांद्यावरच राहिला.

"गनपा! कुटं मेला व्हतास रे इतके दिस?"

"रस्त्यावर व्हतो, आये. दरड आल्ती."

"दरड! दरड काय तुज्या एकट्याच्या डोक्यावर पडली? बाकीची मान्सं घरी येत्यात. बस. गो शेवंते, गनपा आलाय, भाकर टाक."

शेवंताने आतून हो म्हटलं. मुकादम घोंगडीच्या मध्यावर, मांडी घालून बसले. म्हातारी त्यांच्याशेजारी टेकली आणि त्यांच्या कानाजवळच्या पांढऱ्या केसांवरून बोट फिरवत म्हणाली, "हितं जरा पिकाय लागलं हाय तुजं. काळजी करतोस तू." मी पायरीवर बसलो होतो. मी कोण हे तिने विचारलं नाही, ते एका अर्थी बरं झालं.

जेवण झाल्यावर सुपारी कातरताना ती मध्येच थांबली. नवीन काही तिला राहत नाही असं शेवंताने सांगितलं होतं. हे मात्र राहिलं होतं.

"गनपा, एक म्हातारा यायचा रे हितं. पांडऱ्या डोक्याचा. तुज्या रस्त्यावरचाच. हितंच बसायचा, तुजी वाट बगत. तुला भेटला का?"

"भेटला," मुकादम म्हणाले.

"माजा निरोप दिला त्यानं?"

"दिला."

"भला मानूस." तिने सुपारीचं खांड त्यांच्या हातावर ठेवलं. "म्हनायचा, घरी मान्सं हायत. पन मला काय तसं वाटलं नाय. घरी कोन असतं, तर दर आईतवारी हितं कशाला येता? येकटाच असनार. आता पुडल्या टायमाला येशील, तेवा त्याला संगट घेऊन ये. मी समोर नाय येनार, शेवंता वाडील. पोटभर जेऊन जाऊ दे त्याला."

मुकादमांनी सुपारी मुठीत धरली. बराच वेळ त्यांनी ती तोंडात टाकली नाही.

"आनतो, आये," ते म्हणाले.